गावात उद्योग, खिडकी सातपूरला: नाशिकच्या सरकारी उद्योगसेवांचे परीक्षण

ग्रामीण भागात उद्योग यावेत आणि तिथल्या हातांना तिथेच काम मिळावे, या हेतूने नाशिक जिल्ह्यात सरकारची अनेक कार्यालये काम करतात. लघुउद्योगांसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे, भूखंडांसाठी एमआयडीसी आहे, ग्रामोद्योगांसाठी खादी व ग्रामोद्योग मंडळ आहे, अन्नप्रक्रियेसाठी कृषी विभागाची वेगळी योजना आहे आणि मोठ्या गुंतवणूकदारांसाठी मुंबईत ‘मैत्री’ नावाचा कक्ष आहे. या सगळ्या सेवा लोकांच्याच पैशांतून चालतात, तरी ग्राहकाच्या नजरेतून केलेले त्यांचे परीक्षण सहसा वाचायला मिळत नाही. वर्तमानपत्रात येते ती एक तर कोनशिलेची बातमी, नाही तर घोषणेची.

निफाड तालुक्यातील माझ्या भाचीने द्राक्षांसाठी लागणारी पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा छोटा कारखाना गावातच उभा केला. तिचा मामा म्हणून, आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस म्हणून, मी तिच्यासोबत यांपैकी बहुतेक ठिकाणी गेलो. पुढील मजकूर त्या अनुभवावर आणि योजनांच्या नियमांच्या वाचनावर आधारलेला आहे. मत आधीच सांगून टाकतो. माहिती आणि मार्गदर्शन मिळते ते चांगले मिळते, कागदपत्रांची व्यवस्था पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे, बँकेच्या दारात मात्र घोडे पेंड खाते. आणि ग्रामीण भागाची हद्द मुख्य अनुदान योजनेने इतकी सैल आखली आहे की अनुदानाचा ओघ शहराच्या वेशीवरच थबकतो.

जिल्हा उद्योग केंद्र ही कल्पना १९७७ च्या अखेरीस जाहीर झालेल्या केंद्राच्या औद्योगिक धोरणातली, आणि प्रत्यक्षात ती १९७८ पासून आली. लघुउद्योगाला लागणारे सगळे साहाय्य राजधानीत न शोधता जिल्ह्याच्या ठिकाणी एका छताखाली मिळावे, हा तिचा गाभा होता. नाशिकमध्ये हे छत त्र्यंबक रस्त्यावर सातपूरच्या उद्योग भवनात आहे. महाव्यवस्थापक हे कार्यालयाचे प्रमुख असतात आणि तालुके वाटून घेतलेले उद्योग निरीक्षक प्रत्यक्ष काम पाहतात. नवउद्योजकाचा संबंध मुख्यतः या निरीक्षकांशीच येतो, आणि सेवेचा दर्जा बहुतांशी त्यांच्यावरच ठरतो.

आम्हाला भेटलेले निरीक्षक आपल्या कामात मुरलेले होते. भाचीने एका झेरॉक्सच्या दुकानातून तयार करून घेतलेला प्रकल्प अहवाल त्यांनी पहिल्या पानापासून वाचला. खर्चाच्या तक्त्यात ‘जमीन’ या ओळीपुढे एक मोठी रक्कम लिहिलेली होती. त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, “ताई, जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही. शेड धरा, यंत्रे धरा, खेळते भांडवल धरा. आणि हे दरपत्रक बघा, यात जीएसटी धरलेला आहे की वेगळा आहे, ते त्या विक्रेत्याकडून लिहून आणा.” मग त्यांनी विचारले की वर्षातले किती महिने खोकी विकली जातील. अहवालात बाराही महिने सारखीच विक्री दाखवलेली होती, आणि निफाडमध्ये द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल चालते हे त्या अहवालकर्त्याच्या गावीही नव्हते. उरलेल्या महिन्यांत डाळिंब, टोमॅटो आणि किरकोळ मालाची खोकी किती जातील याचा अंदाज बांधून विक्रीचा तक्ता नव्याने करण्यास त्यांनी सांगितले. हा सल्ला पूर्णपणे विनामूल्य होता आणि बाहेर पैसे देऊन करून घेतलेल्या अहवालापेक्षा त्याचे मोल कितीतरी अधिक होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारदरबारची नोंद, विनामूल्य आहे. जुलै २०२० पासून सुरू झालेल्या या नोंदणीला आधार आणि पॅन एवढेच लागते आणि ती घरबसल्या होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्जही विनामूल्य आहे. तरीही सरकारी वाटावे अशा नावांची संकेतस्थळे नोंदणीसाठी पैसे घेतात आणि तालुक्याच्या गावी ‘अनुदान करून देतो’ अशा पाट्या लागलेल्या असतात. अनुदान कोणी करून देत नाही. ते नियमात बसले तर मिळते. एजंटाला दिलेली रक्कम हा प्रकल्पातला पहिला तोटा समजावा.

आता मुख्य योजनेकडे वळतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पीएमईजीपी, २००८ साली दोन जुन्या योजना एकत्र करून सुरू झाला. २०२२ मध्ये त्याला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ देताना उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २५ लाखांवरून ५० लाखांवर आणि सेवा उद्योगासाठी १० लाखांवरून २० लाखांवर नेण्यात आली. सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक व दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारण प्रवर्गाला १० टक्के आणि उर्वरितांना ५ टक्के घालावा लागतो. राज्याचा स्वतःचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून साधारण याच धर्तीवर चालतो आणि तोही जिल्हा उद्योग केंद्र व खादी मंडळ यांच्यामार्फतच राबवला जातो.

आकड्यांत पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. खेड्यातील महिलेचा दहा लाखांचा प्रकल्प असेल तर तिने पन्नास हजार घालावेत, बँकेने साडेनऊ लाख द्यावेत आणि त्यावर साडेतीन लाखांचे अनुदान यावे, असा हिशेब होतो. हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेव म्हणून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी कारखाना खरोखर चालू आहे का याची त्रयस्थ संस्थेकडून पडताळणी होते आणि मग ती रक्कम कर्जात वळती केली जाते. या रचनेला अनेक जण नावे ठेवतात, कारण त्यांना अनुदान म्हणजे रोख रक्कम वाटते. माझ्या मते योजनेतील सर्वांत शहाणी तरतूद हीच आहे. पैसे उचलून शेड बंद करणाऱ्याला तिच्यात वाव राहत नाही, आणि चालवणाऱ्याचे व्याज वाचते.

अडचण सुरू होते ती बँकेत. उद्योग केंद्र अर्ज तपासून बँकेकडे पाठवते. पूर्वी मध्ये जिल्हास्तरीय समितीची मुलाखत असे, ती २०२० मध्ये वगळली गेली आणि त्यामुळे वेळ वाचला हे मान्य करावे लागेल. मात्र कर्ज द्यायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी बँकेचा, आणि उद्योग केंद्राच्या हाती स्मरणपत्र पाठवण्यापलीकडे काही नाही. भाचीचे कर्ज दहा लाखांच्या आतले होते. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे, आणि अशा कर्जांना हमी देण्यासाठी २००० सालापासून स्वतंत्र पतहमी निधी आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेने, जिचे नाव इथे लिहिण्याचे कारण नाही, आधी महिनोन्महिने फाइल उघडलीच नाही, उघडल्यावर भाचीचा फोन आला, “मामा, आता ते म्हणतात, सासऱ्यांच्या नावावरचा सातबारा तारण द्या, नाही तर दुसरी शाखा बघा.” रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत घेऊन गेल्यावर शाखाधिकाऱ्यांनी ती शांतपणे वाचली आणि “वर विचारतो” एवढेच म्हणाले. कर्ज शेवटी मंजूर झाले, विनातारण झाले, पण तोवर एक द्राक्ष हंगाम हातचा गेला होता. खोक्यांच्या धंद्यात हंगाम जाणे म्हणजे वर्ष जाणे.

शाखाधिकाऱ्यांची बाजू अगदीच नाही असे नाही. अनुदानाच्या आशेने आलेले आणि पुढे थकलेले कर्ज त्यांनी पाहिलेले असते, आणि थकबाकीचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण मग योजनेच्या जाहिरातीत अनुदानाचे टक्के मोठ्या अक्षरांत छापताना, अंतिम निर्णय ज्या टेबलावर होतो ते टेबल उद्योग विभागाचे नाही, हेही त्याच अक्षरांत छापायला हवे. अर्ज करण्यापूर्वीच शाखेत जाऊन बोलून घ्यावे, गावाला जिथून नेहमी कर्ज मिळते तीच शाखा अर्जात निवडावी आणि खात्यावर वर्ष-सहा महिने तरी नियमित उलाढाल दाखवावी, हा माझा प्रत्येक अर्जदाराला सल्ला राहील.

विजेबद्दल थोडक्यात. गावठाणाच्या फीडरवर वीज बहुतेक वेळ असते, शेतीच्या फीडरवर ती ठरावीक तासांपुरती आणि पाळीने येते. स्वतःच्या मळ्यात शेड टाकणारा नवउद्योजक हे ध्यानात घेत नाही आणि गावठाणापासून लाइन ओढण्याचा, खांबांचा खर्च प्रकल्प अहवालात धरायचे राहून जाते. हा मुद्दा अर्जाच्या वेळीच विचारला जावा अशी तपासयादी उद्योग केंद्राने करायला हवी. प्रशिक्षणाचे म्हणाल तर अनुदान जमा होण्यापूर्वी उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचे आहे. या विषयात १९८८ पासून काम करणारे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र राज्यात आहे आणि हिशेब, जीएसटी, विपणन यांची तोंडओळख तिथे नीट होते. त्यापलीकडे काही शिकण्याची अपेक्षा ठेवू नये.

आता मला ज्या मुद्द्यासाठी हे सर्व लिहावेसे वाटले त्याकडे येतो. पीएमईजीपीच्या सुधारित नियमांनुसार पंचायत राज संस्थांच्या अखत्यारीतील सगळा भाग ग्रामीण धरला जातो. कागदावर हे सोपे आणि न्याय्य दिसते. प्रत्यक्षात नाशिक महापालिकेची हद्द ओलांडली की लगेच मुंबई महामार्गावर विल्होळी आहे आणि पुणे रस्त्यावर शिंदे-पळसे आहे. तिथे रस्ता चारपदरी आहे, अंबडचा सुटा भाग पुरवणारा दुकानदार अर्ध्या तासात येतो, कामगार शहर बसने येऊ शकतो. या गावांत उद्योग काढणाऱ्या महिलेला ३५ टक्के अनुदान. आणि सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर, नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर, घाट उतरून-चढून माल न्यावा लागेल अशा ठिकाणी उद्योग काढणाऱ्या महिलेलाही तेच ३५ टक्के. शहर आणि ग्रामीण यांतला फरक दहा टक्क्यांचा, म्हणजे दहा लाखांच्या प्रकल्पात एक लाखाचा. विल्होळीत हा लाख निव्वळ बक्षीस ठरतो; सुरगाण्यात तो मालवाहतुकीच्या पहिल्या वर्षातच खर्ची पडेल. उद्योजक अडाणी नसतो. तो हद्दीच्या पलीकडे, पण हद्दीला लागून शेड टाकतो.

परिणाम डोळ्यांनी दिसतो. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत सुरगाणा, पेठ या तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला येतात. आमच्या भाचीच्या शेडमध्ये खोक्याला तारेची शिलाई घालणाऱ्या बायकांपैकी दोघी पेठ तालुक्यातल्या आहेत. हंगाम संपला की त्या परत जातात. काम त्यांच्याकडे गेले नाही, त्या स्वतःच कामाकडे आल्या. निफाडला रोजगार मिळाला हे खरे, पण ज्या भागासाठी ग्रामीण रोजगाराचे धोरण मुळात हवे आहे, तो भाग या खात्यात फक्त मजूर पुरवणारा म्हणून नोंदला जातो.

मोठ्या उद्योगांच्या बाबतीत राज्याने हा भेद जास्त जाणतेपणाने केला आहे. सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली असून तिच्यात तालुक्यांचे अ, ब, क, ड आणि ड+ असे गट पाडलेले आहेत. तालुका जितका मागास, तितक्या सवलती अधिक आणि अधिक काळ. औद्योगिक प्रोत्साहन अनुदान, विद्युत शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात सवलत आणि लहान उद्योगांना व्याजात सूट असे तिचे स्वरूप आहे, आणि सवलत घेणाऱ्या उद्योगाने किमान ८० टक्के रोजगार स्थानिकांना द्यावा अशी अट आहे. मात्र तिथे एकक तालुक्याचे आहे. दिंडोरी तालुक्यात नाशिकला जवळ असलेले तळेगाव-अक्राळे आणि पेठच्या सीमेवरचा आदिवासी पट्टा एकाच मापाने मोजला जातो, आणि मग मोठे उद्योग अक्राळ्याला येतात यात नवल ते काय. शिवाय आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे हस्तांतरित करण्यावर जमीन महसूल संहितेत निर्बंध आहेत, ते योग्यच आहेत. पण त्यामुळे अशा भागात उद्योगाला जागा मिळण्याचे सरळ मार्ग दोनच उरतात, ते म्हणजे सरकारने स्वतः विकसित केलेली जागा किंवा तिथल्याच आदिवासी तरुणाने स्वतःच्या जागेवर काढलेला उद्योग. दुसरा मार्ग स्वस्त आहे.

जागेचा विषय निघालाच आहे, तर एमआयडीसीबद्दल लिहिणे भाग आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या या महामंडळाने नाशिक घडवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सातपूर आणि अंबड ही नावे त्याची साक्ष आहेत, आणि माझ्यासारख्या हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, नियोजन प्राधिकरण महामंडळच असल्याने बांधकाम परवानगीसाठी दुसरीकडे जावे लागत नाही, आणि पाणी, रस्ते व सांडपाणी यांची जबाबदारी एकाच संस्थेकडे राहते. आता तिच्या बहुतेक सेवा ऑनलाइन असून २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे त्यांना कालमर्यादाही आहे. अर्जाची स्थिती घरबसल्या दिसते ही सोय लहान वाटली तरी तिने बरेच खेटे वाचवले आहेत.

पण खेड्यातल्या छोट्या उद्योजकाला एमआयडीसीचा फारसा उपयोग नाही. जिथे मागणी आहे तिथे भूखंडाचा दर त्याच्या आवाक्याबाहेर असतो, आणि जिथे दर परवडतो तिथे शेजारी कोणी नसते. भाचीनेही विंचूरच्या एमआयडीसीतल्या भूखंडाचा विचार केला होता. शेवटी सासऱ्यांच्या मळ्याला लागून असलेली जागाच बरी ठरली, कारण घरापासून चालत जाता येते आणि बायका रात्रपाळी सोडून कोणत्याही वेळेला कामाला येऊ शकतात. हा हिशेब कोणत्याही भूखंड वाटप धोरणात बसत नाही.

विंचूरचे उदाहरण मात्र धोरण म्हणून अभ्यासण्याजोगे आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली आणि एमआयडीसीने विंचूर येथे वाइन पार्क उभारले. दिंडोरी-निफाडच्या बागांच्या कुशीत वायनरी उभ्या राहिल्या, आणि नाशिकला देशाची वाइन राजधानी म्हणू लागले ते त्यानंतर. पुढे यांतल्या अनेक छोट्या वायनरी बंद पडल्या. सवलतीने टाक्या आल्या, बाटल्या आल्या, पण विक्रीची साखळी उभारणे त्या शेतकऱ्यांना झेपले नाही आणि ते काम कोणत्याही सरकारी खात्याच्या यादीत नव्हते. जे टिकले त्यांनी पर्यटन, हॉटेल आणि मोठ्या शहरांतील बाजारपेठ स्वतः उभारली. गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी होणारी गाड्यांची गर्दी ही त्या टिकलेल्यांची कमाई आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण सिन्नरच्या गुळवंच परिसराचे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी तिथे मोठ्या प्रमाणावर जमीन घेतली गेली, १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प बांधला गेला, आणि वीज खरेदीचा करार नसल्याने तो वर्षानुवर्षे बंद राहिला. गुंतवणूक किती आली या प्रश्नाचे उत्तर तिथे कोट्यवधींत देता येईल. त्या गावांतल्या किती जणांना काम मिळाले या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणी पुढे येत नाही. समृद्धी महामार्ग सिन्नर-इगतपुरीतून जातो आणि जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला, तेव्हा या जमिनींना पुन्हा भाव येईल. तिथे या वेळी कारखाने आधी येतात की फलक, ते पाहावे लागेल.

कोणत्याही कार्यालयाने न आणलेली एक गुंतवणूकही याच जिल्ह्यात आली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत २०२२ मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. तिथे सरकारचे योगदान नाही असे मी म्हणणार नाही, कारण रस्ते, वीज आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचा कायदा ही सरकारचीच देणगी. पण गुंतवणूकदाराला तिथे खेचून आणले ते हजारो शेतकऱ्यांच्या एकत्रित मालाने. ज्याला खोकी लागतात, शीतगृह लागते, गाड्या लागतात, अशा एका मोठ्या ग्राहकाभोवती आपोआप लहान उद्योग जमतात. भाचीच्या खोक्यांची मागणीही अशाच निर्यातदारांमुळे आहे, कोणत्याही गुंतवणूक परिषदेमुळे नाही.

‘मैत्री’ कक्षाला २०२३ च्या अधिनियमाने कायद्याचे बळ मिळाले आहे, आणि प्रदूषण नियंत्रण, कामगार, अग्निशमन अशा अनेक परवानग्या ज्याला लागतात त्या मध्यम उद्योगाला तो उपयुक्त ठरतो. खेड्यातल्या शेडला त्याची गरज भासत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीत निमा, आयमा यांसारख्या उद्योजकांच्या संघटना सातपूर-अंबडचे रस्ते, पथदिवे आणि कर यांचे प्रश्न जोरात मांडतात, आणि ते मांडलेच पाहिजेत. मात्र सुटी-सुटी असलेली गावातली शेडे कोणत्याही संघटनेची सभासद नसल्याने त्यांचे प्रश्न त्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत.

सेवा अर्जदाराच्या दारी जाऊ शकते याचे उदाहरण सरकारच्याच दुसऱ्या खात्यात आहे. २०२० पासून चालू असलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के आणि कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि तिच्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्या अर्जदाराचा अहवाल तयार करतात, बँकेत सोबत जातात, आणि त्यांचे मानधन सरकार देते, तेही प्रकरण मार्गी लागले की. बेदाणा, लोणची, नागलीची बिस्किटे असे काही करणाऱ्याने आधी तिकडेच जावे असे मी सुचवेन. खोकी, शिवण, फॅब्रिकेशन, दुरुस्ती अशा कामांसाठी तशी माणसे नाहीत. सुरगाण्याच्या मुलाने एसटीने सातपूरला यावे, एक कागद राहिला म्हणून परत जावे आणि मजुरीचा आणखी एक दिवस बुडवावा. पंचायत समितीच्या आवारात महिन्यातून ठरलेल्या दिवशी उद्योग निरीक्षक आणि तालुक्यातल्या दोन-तीन शाखांचे अधिकारी एकत्र बसले, तरी यातले निम्मे हेलपाटे संपतील. त्यासाठी नवी योजना किंवा नवा निधी लागत नाही.

रोजगाराच्या मोजणीबद्दलही तक्रार आहे. २०२२ च्या मुदतवाढीत पीएमईजीपीसाठी १३,५५४.४२ कोटी रुपयांची तरतूद आणि पाच वर्षांत सुमारे ४० लाख लोकांना रोजगार असा अंदाज जाहीर झाला. अंदाज म्हणजे एका घटकामागे सरासरी माणसे धरून केलेला गुणाकार. भाचीच्या शेडमध्ये फेब्रुवारीत दहा-बारा जण असतात आणि ऑगस्टमध्ये तिघे-चौघे. तिच्या घटकाची नोंद यांपैकी कोणत्या आकड्याने व्हावी? तीन वर्षांनंतरच्या पडताळणीत कारखाना चालू आहे का हे पाहिले जाते. वर्षभरात एकूण किती मनुष्य-दिवस काम दिले गेले, हे हजेरीपटावरून सहज काढता येते, पण ते विचारले जात नाही.

थकीत बिलांचा प्रश्न हंगामी धंद्यात फार मोठा असतो, आणि त्यावर कायद्याने उपाय ठेवला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगाच्या बिलाची रक्कम जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावी लागते, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. उद्यम नोंदणीचा हा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तोच कोणी सांगत नाही. भाचीने बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची अट छापायला सुरुवात केल्यापासून वसुली सुधारली; परिषदेकडे जाण्याची वेळ आली नाही, आणि खरे सांगायचे तर पुढच्या हंगामाची ऑर्डर डोळ्यांसमोर असताना तशी तक्रार करण्याचे धाडस फारच थोड्यांना होईल.

आता ती दुसऱ्या टप्प्याच्या कर्जाची चौकशी करते आहे. सध्या ती तयार नालीदार पुठ्ठा विकत आणून फक्त घडीच्या रेघा, कापणी आणि शिलाई करते. पुठ्ठा स्वतः तयार करण्याचे यंत्र घेतले तर बारमाही काम निघेल आणि पेठच्या त्या दोघींना हंगाम संपल्यावर परत जावे लागणार नाही, असा तिचा हिशेब आहे. पीएमईजीपीत चांगल्या चाललेल्या उत्पादन घटकाला विस्तारासाठी एक कोटीपर्यंतच्या प्रकल्पाला दुसरे साहाय्य मिळते. पहिले कर्ज ठरल्याप्रमाणे फेडलेले असावे आणि तीन वर्षांच्या ठेवीचे समायोजन झालेले असावे, या अटी रास्त आहेत. पण या टप्प्यावर, डोंगराळ राज्ये व ईशान्य भारत वगळता, अनुदान सर्वांना सरसकट १५ टक्के आहे. महिला असो वा पुरुष, पाडा असो वा महानगर, दर एकच. पहिल्या शेडला ३५ टक्के आणि ज्या विस्तारातून बारमाही रोजगार निघणार त्याला १५ टक्के, तेही अंबडमधल्या कारखान्याइतकेच. निरीक्षकांना याचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी नियमावलीचे पान उघडून आमच्यापुढे ठेवले आणि यंत्राचे दरपत्रक आत्तापासूनच मागवून ठेवा, असे सांगितले.